पावसाचं विमान

त्या दुष्काळात लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं. विहिरी-बोअरच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या हणमंतरावांकडं एक सरकारी साहेब हातभर लांबीचं विमान घेऊन आला. विमानाच्या मोटारीचा शाफ्ट वाकला होता. हणमंतरावांनी नवा शाफ्ट बसवला, पंखा फिरवून बघितला. तसूभर थरथर नव्हती. पाऊस पाडणाऱ्या विमानांच्या बातम्या पेपरात रोज यायच्या, त्यामुळं 'हे कशासाठी' असं विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

साहेब त्यांच्याच गावाच्या रस्त्याला लागला, तसा हणमंतरावांनी घरी बायकोला फोन लावला. "गुणा, पावसाचं विमान यायलंय, म्याच दुरुस्त केलंय! कडब्याची गंजी आधी आत घे, भिजंल."

"अवो, पर गंजीखाली आपला बोअर लपवलाय न्हवं? सरकार बोअर ताब्यात घ्यायलंय."

"पाऊस आल्यावर बोअर कोन पुसतंय!"

संध्याकाळी साहेब खुशीत परतला. "विमानातून काढलेला फोटो आता हलत नाही, मामा. पहिल्याच फेरीत एक लपवलेला बोअर सापडला," म्हणत त्यानं मोबाइल पुढं धरला.



उघड्या बोअरशेजारी गुणाबाई आभाळाकडं बघत हात जोडून उभी होती.