अभ्यासाची खोली

"शूऽऽ!" शीलानं नवऱ्याच्या हातातला चमचा काढूनच घेतला. "चहा ढवळलाच पाहिजे का? पोर अभ्यासाला बसलीय."

शिवशंकर बिचारा! साखर तळाशी तशीच ठेवून त्यानं चहा पिऊन टाकला आणि पाय न वाजवता गॅलरीत निघून गेला.

उस्मानपुऱ्यातल्या त्या फ्लॅटमध्ये जूनपासून असाच कारभार चालला होता. टीव्हीवर चादर घातलेली. मिक्सर फिरायचा तो शालू शाळेत गेल्यावर. कुकरची शिट्टी व्हायच्या आत शीला गॅस बंद करायची, मग भात कच्चा राहिला तरी चालेल. खालून ओरडत जाणाऱ्या भाजीवाल्याला तिनं चौथ्या मजल्यावरून हात जोडले होते. पुतणीला स्वतंत्र खोली, नवं टेबल, नवा दिवा. माणसानं आणखी करायचं तरी काय?

आणि एवढं करून शालूला गणितात वीसपैकी सहा!

हीच शालू वेरूळजवळच्या गावी बापाच्या मेंढरांशेजारी बसून अभ्यास करायची, तेव्हा वर्गात पहिली यायची. सातवीला तरी शहरातली शाळा मिळावी म्हणून शिवशंकर थोरल्या भावाच्या, केरबाच्या मागं लागला आणि तिला घेऊन आला. केरबानं पोर पाठवली, पण सांगून ठेवलं होतं, "पोर सुकली न् मागं पडली, तर मी तवाच घिऊन जाणार बग."

आज तो येणार होता. सकाळपासून शीला दर पाच मिनिटांनी गॅलरीतून खाली डोकावत होती. तिचा मुलगा कृष्णा नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून या घरात दोनच माणसं, आणि त्यांचं बोलणं म्हणजे 'जेवलात का?' आणि 'दूध संपलं.' त्यात ही दोन वेण्यांची पोर आली. रोज सकाळी तिच्या वेण्या घालताना शीलाला पुन्हा आई झाल्यासारखं वाटायचं. आता तीही जाणार. नुसत्या विचारानं तिचे डोळे भरून येत होते.

दुपारी केरबा आला. म्हणजे आधी त्याचा आवाज आला, खालूनच.

"शिवाऽऽ! लिफ्ट म्हंत्यात ती हीच व्हय रं? दार लागंना हिचं!"

डोंगराच्या या अंगाला उभं राहून त्या अंगाच्या मेंढरांना हाक घालणारा गडी तो. हळू बोलणं म्हणजे काय, हे त्याला ठाऊकच नव्हतं. शीला ओठांवर बोट ठेवून ठेवून दमली. "दादा, हळू बोला. तिची उद्या दुसरी चाचणी आहे."

त्यानं शालूच्या खोलीत डोकावून पाहिलं. "कसली चाचणी अन् काय! भरा तिचं दप्तर. पोर निम्मी झाली की! लई झालं शहर."

"तुला काय कळतं रे अभ्यासातलं?" शिवशंकर एकदम तापला.

"नसंल कळत. पर आपला काळा मेंढा हिरीत कुणी पाडला, ते बराबर कळतं मला!"

झालं! मेंढा पडून चाळीस वर्षं झाली होती, पण दोघे भाऊ असे भांडायला उठले, जणू तो अजून विहिरीत बें बें करतोय. "मी पाडला? तू झाडाखाली घोरत होतास!" चहा न ढवळणारा शिवशंकर टीपॉयवर मूठ आपटत होता. मधेच दोघं खो खो हसायचे आणि पुन्हा भांडायचे. शीला बघतच राहिली. आपला नवरा एवढं तोंड उघडू शकतो, हे ती विसरूनच गेली होती.

मग तिला शालू आठवली. अरे देवा, पोर घाबरली असेल! ती धावत आत गेली.

शालू एक पाय खुर्चीवर घेऊन, दुसरा हलवत, गुणगुणत गणितं सोडवत होती. रोज कोरं पान पुढ्यात घेऊन बसणाऱ्या पोरीनं तीन पानं भरली होती.

"अगं, एवढ्या गोंधळात तुला सुचतं तरी कसं?"

"काका बोलायला लागले ना!" शालूचा चेहरा फुलला होता. "तुम्ही कुणी बोलतच नव्हता, काकू. आमच्याकडं आई-आप्पा गप झाले, की समजायचं लई मोठं काहीतरी बिघडलंय. मला वाटलं, मी आले म्हणून तुम्ही दोघं एकमेकांवर रुसलात. मग मी नुसती कान लावून बसायचे. गणितात ध्यान कुठून राहणार?"

हसावं की रडावं, शीलाला कळेना. तिनं दोन्ही केलं. पोरीला पोटाशी धरलं, मग बाहेर येऊन आधी टीव्हीवरची चादर ओढून काढली आणि सगळं सांगितलं.

केरबानं डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं. मग उठून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या तिला. पर बोलत जावा रं बाबांनो."

तो गेला. संध्याकाळी शालू खोलीत अभ्यासाला बसली, तिनं दार मात्र सताड उघडं ठेवलं. बाहेर नवरा-बायको एकमेकांकडं बघत बसले.

"बोला की," शीला पुटपुटली.

शिवशंकरनं घसा खाकरला. खूप विचार केला. "दुपारची आमटी... जरा खारट झाली होती."

"खारट?" शीलानं पदर खोचला. "अन् इतकी वर्षं मुकाट्यानं वाट्या चाटूनपुसून खाल्ल्या, त्या कुणाच्या आमटीच्या?"

"मुकाट खाल्ल्या म्हणूनच तुला मिठाचा अंदाज आला नाही!"

"अस्सं! मग तुमच्या आत्यानं आपल्या लग्नात काय काय नावं ठेवली, तेही काढू का आज?"

"काढ, काढ! तुझे मामा जेवणावरून रुसले होते, ते मीही काढतो!"

दोघांनाही हसू आवरेना, आणि भांडणही आवरेना. तेवढ्यात आतून हाक आली, थेट डोंगरावरच्या आवाजात.

"काकाऽऽ! आणखी थोडं जोरात! शेवटचंच गणित राह्यलंय!"