रुंद चाकं

“साहेब, चांगलं चाललंय ते कशाला बिघडवताय?” टायरवाल्याने गाडीभोवती एक फेरी मारली. “हायब्रिडला ही अरुंद, हलकी चाकंच बरी. रुंद घातलीत की मायलेज पडलंच म्हणून समजा. वर आवाज येईल तो वेगळा.”

“किती येईल?”

“कानाला खुपेल इतका.”

“मग तीच घाला. जाड नक्षीच्या टायरची.”

टायरवाल्याला हसू आलं. आवाज येतो म्हणून भांडायला येणारी गिऱ्हाइकं त्याला नवीन नव्हती. आवाज मागणारा हा पहिलाच.

“गाडी वडिलांची आहे,” तो माणूस म्हणाला. “जन्मभर ट्रक चालवला त्यांनी. ही बॅटरीवर असली की चालू आहे की बंद तेच कळत नाही. आता तर हातही लावत नाहीत.”

“होतं तसं. इंजिनाची घरघर नसली की जुन्या ड्रायव्हरला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.” टायरवाल्याने जॅक लावला. “म्हाताऱ्याचे लाड चाललेत म्हणा की!”

माणूस दुकानामागची मोकळी जागा न्याहाळू लागला.

जुनी चाकं उतरली. टायरवाल्याने मागचं एक उचलून फडक्याने पुसायला घेतलं. “अजून छान आहेत. डिकीत टाकू?”

“नको. इथेच राहू द्या,” म्हणत त्याने तिकडे पाठ केली.

नवी चाकं बसली, तेव्हा तो म्हणाला, “जरा मागे घेऊन दाखवा. अगदी हळू.” आणि स्वतः दुकानामागच्या मोकळ्या जागेत जाऊन, गाडीकडे पाठ करून उकिडवा बसला. डोळेही मिटले.

“अहो, उठा! आरशात दिसतसुद्धा नाही तुम्ही!”

“माहीत आहे. या तुम्ही.”

टायरवाल्याने जीव मुठीत धरून गाडी मागे आणली. टायर फरशीवर घरघरले आणि त्या माणसाने लांबूनच हात वर केला.

“पुन्हा. आणखी हळू.”

पुन्हा हात वर झाला. तो उठला तेव्हा डोळे लाल होते.

“धूळ फार आहे तुमच्याकडे,” तो म्हणाला.

टायरवाल्याने सकाळीच सगळीकडे पाणी मारलं होतं. पण त्याने मान डोलावली.

घरी अंगणाकडच्या खिडकीचा पडदा नेहमीसारखा ओढलेला होता. वडील भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. समोरचा चहा गार झाला होता. बाहेर त्याची धाकटी लेक एकटीच फरशीवर खडूने रेघा ओढत होती. तिची आई दोरीवरचे कपडे काढता काढता तिच्याकडे पाहत होती.

त्याने वडिलांच्या हातात किल्ली ठेवली. वडिलांनी निखारा पडावा तसा हात झटकला. किल्ली खाली पडली.

“विकून टाक म्हटलं होतं ना तुला,” ते कसेबसे म्हणाले. “मी त्या गाडीत बसायचा नाही. कुठल्याच गाडीत नाही.”

“चाकं बदलून आणली, बाबा. बाहेर या. एकदा ऐका तरी.”

“आता काय ऐकायचं?”

त्याने वाकून किल्ली उचलली. मग तिथेच, त्यांच्या पायाशी बसला आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

“थोरलीला तुमची गाडी मागे येताना ऐकू आली नाही, बाबा. धाकटीला येईल.”