अर्ध्या वाटेवरचा पंप

बस जरा, बस. कॉफी घे. आमच्या कॉर्डेल गावातली एक गोष्ट सांगतो. लांबण लावत नाही, कप रिकामा व्हायच्या आत संपेल.

जानेवारीतली सकाळ. बाहेर उणे चौतीस. आइस हॉकीच्या मैदानाला लागून कॅन्टीन आहे, तिथं आम्ही रोजचे म्हातारे जमलो होतो. पण त्या दिवशी हवेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आमच्या संघाचा, बॅजर्सचा, कप्तान कीगन आदल्या दिवशी टॅलिसच्या संघाला देऊन टाकला होता.

लॉर्न टेबलावर मुठी आपटत होता. त्याचा गुरांचा धंदा. "दुसऱ्या नंबरवर आहोत आपण! दुसऱ्या! अन् दुभती गाय देऊन टाकतात? बदल्यात काय, तर वासरू. तेही अजून पोटात नाही!"

"अन् निवडतात तरी कुणाला?" कॅन्टीनवाली डोरिन बटाटे तळता तळता ओरडली. "मागच्या एका ड्राफ्टला सगळे संघ नवी पोरं निवडत होते, तर ह्यांनी पहिल्या फेरीत तो गोलकीपर उचलला. चकती आली की डोळे मिटतो! त्याच्यापेक्षा माझ्या आईनं जास्त अडवल्या असत्या, अन् तिला पुरून नऊ वर्षं झाली."

तेवढ्यात दार उघडलं आणि थंडीबरोबर संघाचा मॅनेजर गार्थ आत आला. येणार कसा नाही? गावात दुसरीकडं कॉफीच मिळत नाही.

"या, व्यापारी!" लॉर्न म्हणाला.

गार्थनं हातमोजे काढले. "ऐकून तर घ्या. यंदा टॅलिसला कुणी हरवू शकत नाही. कीगन एकोणीसचा झाला, पोरांच्या या लीगमधून आज ना उद्या जाणारच होता. त्याच्या बदल्यात दोन वर्षांनी जो ड्राफ्ट होईल, त्यात त्यांची पहिली निवड आपली. पहिली!"

"हरवता येत नाही म्हणून आपला कप्तान त्यांनाच? उद्या घरात चोर शिरला तर त्याला बंदूक पण नेऊन देशील!"

लॉर्नच्या या बोलण्यावर सगळे हसले. एक ओरेस्ट सोडून.

ओरेस्ट खिडकीपाशी बसला होता, कोट न काढता. खेळाडूंची अदलाबदल ठरली की आपल्या पोराला पोचवायचं काम त्याचं. आमच्या आणि टॅलिसच्या मधोमध एक पेट्रोल पंप आहे. तिकडून त्यांची गाडी येते, इकडून ओरेस्टची. एक पोरगा या गाडीतून उतरतो, एक त्या. बॅगा बदलायच्या, दोन्ही पोरांना बर्गर खाऊ घालायचा, की निघायचं. सव्वीस वर्षं हेच करतोय तो.

"गार्थ," तो म्हणाला, "काल मी पंपावर गेलो होतो."

"माहितेय ओरेस्ट. उपकार झाले."

"कीगनला उतरवलं. बॅगा दिल्या. अन् मी आपला सवयीनं मागचं दार उघडून उभा. असल्या थंडीत. त्यांचा ड्रायव्हर म्हणाला, 'आजोबा, दार लावा. आमच्याकडून कुणी यायचं नाही.'"

ओरेस्टनं कोटाच्या खिशातून कागदात गुंडाळलेला बर्गर काढला आणि गार्थपुढं ठेवला. रात्रभर गाडीत राहून त्याचा दगड झाला होता. टेबलावर ठक्कन वाजला.

"येणाऱ्या पोरासाठी घेतला होता. कोण आहे तो?"

"अजून कुणीच नाही. ड्राफ्ट व्हायचाय."

"वय किती असेल त्याचं आज?"

"असेल... तेरा."

"अन् आपल्याकडून खेळेल कधी?"

गार्थनं मान खाली घातली. "चार वर्षांनी. चांगला निघाला तर."

"मी त्र्याऐंशीचा आहे रे. एकदा, फक्त एकदा बॅजर्सनं जिंकलेला कप बघायचा होता. यंदा बघितला असता."

"ओरेस्ट, संघ काय एका माणसासाठी चालवता येतो?"

"मग कुणासाठी चालवतोस?" लॉर्न खुर्ची मागं ढकलून उठला. "रोज या थंडीत येऊन मैदानात कोण बसतं? तुझी ती तेरा वर्षांची पोरं?"

गार्थनं कॉफीचा भरलेला कप तसाच ठेवला आणि हातमोजे घालायला लागला. दारापाशी पोचला तेव्हा ओरेस्टनं त्याला थांबवलं.

"एक कर. तो पोरगा येईल ना, त्याला आईबापांबरोबर थेट गावात येऊ देऊ नकोस. पंपावर उतर म्हणावं. आपला एक पोरगा तिथून गेलाय. एक तिथूनच यायला पाहिजे."

गार्थ 'बरं' म्हणाला. म्हणायलाच लागलं त्याला.

कप टॅलिसनं नेला. उचलला कीगननं. आम्ही टीव्ही बंद केला. त्याच उन्हाळ्यात डोळ्यांपायी ओरेस्टचं लायसन्स काढून घेतलं, तर त्यानं गाडीची किल्ली आणून माझ्या हातात दिली. मी एक्याऐंशीचा! डोरिननं तो बर्गर अजून फ्रीझरमध्ये ठेवलाय. कुणाला हात लावू देत नाही.

तू तरुण आहेस. ही घे किल्ली. त्या पोराचा फोन आला तर पंपावर तू जा. बर्गर ताजा घे. आणि मागचं दार आधीच उघडून उभा राहा, कितीही थंडी असू दे.