तळघरातला ग्रंथ

ताईनं तळघराच्या दाराच्या फटीवर शेवटची चिकटपट्टी दाबली आणि किल्लीचं भोकही बुजवलं. मागे धाकटा भाऊ मोबाइल रोखून उभा होता.

"बघा मंडळी, डोकावायचीसुद्धा सोय ठेवली नाही," तो मोबाइलला सांगत होता.

ताई धर्मपीठाच्या ग्रंथसंग्रहाची ग्रंथपाल. जुन्या हस्तलिखितांना कसर लागते, म्हणून दरवर्षी तळघर बंद करून आत विषारी वायू सोडतात. धाकट्याचं म्हणणं वेगळं होतं. पीठानं मूळ धर्मग्रंथ इथे दडवलाय, तो बाहेर आला तर सगळ्या धर्मगुरूंना घरी बसावं लागेल! हे तो मोबाइलवरून रोज सांगायचा आणि हजारो लोक ऐकायचे. नोकरी गेलेल्या माणसाचं कुणीतरी ऐकतंय, म्हणून ताईनं आजवर ते हसण्यावारी नेलं होतं.

"दारावर कवटी काढलीय ती काय शोभेला?" ती म्हणाली. "आत पाऊल टाकलंस तर जागच्या जागी आडवा होशील."

"लोकांनी घाबरावं म्हणूनच काढतात गं." तो हसला. "उद्या कळेलच. आम्ही चौघं पहार घेऊन येतोय."

पालथ्या घड्यावर पाणी. पोलिसांनी 'काही घडलं की कळवा' म्हणून फोन ठेवला. वरिष्ठ म्हणाले, घरचं घरी मिटवा. पहारेकऱ्याला सावध करायला गेली, तर तोच हळूच विचारू लागला, "पण बाई, खरंच काही आहे का हो आत?"

आई गेल्यावर तिनंच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. त्याचं प्रेत त्या तळघरातून बाहेर काढायची वेळ तिला येऊ द्यायची नव्हती. रात्री जेवताना ती म्हणाली, "ऐक. तुझं खरं आहे. ग्रंथ होता. पण आता तिथे नाही. मीच हलवलाय. झालं समाधान?"

धाकट्याचा घास हातातच राहिला. मग उठून त्यानं तिला मिठी मारली. त्याचे डोळे भरून आले होते.

"ताई, आज पहिल्यांदा खरं बोललीस."

त्यानं बाकीच्या तिघांना फोन करून बेत रद्द केला. बऱ्याच दिवसांनी ताईला गाढ झोप लागली.

सकाळी दार धडधडल्यानं तिला जाग आली. गल्ली माणसांनी भरली होती. धाकट्यानं जेवताना मोबाइलवरचं थेट प्रक्षेपण चालूच ठेवलं होतं, आणि तिची कबुली एव्हाना सगळ्यांनी ऐकली होती. "कुठे लपवलास ग्रंथ?" कुणीतरी ओरडलं. खिडकीची काच फुटून दगड आत आला.

"काही नाहीये रे!" दाराला पाठ लावून ती किंचाळली. "धाकट्या, तू मरू नयेस म्हणून खोटं बोलले मी!"

बाहेरून धाकट्याचा आवाज आला. तो गर्दीला समजावत होता.

"जिवे मारू नका. काल ती एकदा खरं बोललीय. जरा जोर लावा, पुन्हा बोलेल."