संघर्षाच्या खुणा नाहीत

सुनेनं शेवटची बशी वर्तमानपत्रात गुंडाळली, खोक्यात उभी ठेवली आणि हात झटकले.

"बघा बाबा, एकसुद्धा फुटली नाही."

प्राध्यापकांनी मान डोलावली. भांडी न फुटण्याचं महत्त्व त्या घरात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांचं सगळं नाव न फुटलेल्या भांड्यांवरच उभं होतं.

तरुणपणी त्यांनी एक टेकाड खणलं होतं. खालच्या थरात लाल भांडी, वरच्या थरात काळी, आणि मधल्या थरात दोन्ही एकाच घरात. त्या जुन्या लोकांचं स्वतःचं काहीतरी नाव असणारच. पण विचारायची सोय नव्हती, म्हणून प्राध्यापकांनी परस्पर त्यांचं 'लाल भांडीवाले' असं बारसं उरकून टाकलं. मधल्या थरात ही लाल भांडी आधी चुलीजवळ होती, मग मागच्या खोलीत, मग अंगणातल्या खड्ड्यात, एकात एक नीट रचलेली. कुठे राख नाही, बाणाचं टोक नाही, फुटकी कवटी नाही. प्राध्यापकांनी आपल्या ग्रंथात लिहिलं, 'लाल भांडीवाल्यांनी नव्याने आलेल्या काळी भांडीवाल्यांना सामावून घेतले आणि कालांतराने ते स्वतः स्वेच्छेने अन्यत्र निघून गेले. संघर्षाच्या खुणा नाहीत.' विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्यांनी हे वाक्य घोकलं आणि त्या पास झाल्या.

एकदाच काय ते एका परिषदेत मागच्या रांगेतले एक सहकारी उठले. "ज्याचं घर जातं, त्यानं जाताना आदळआपट केलीच पाहिजे, असं कुठं आहे?"

"आम्ही पुराव्यावर बोलतो," प्राध्यापक म्हणाले. "उसासे खणताना सापडत नाहीत."

सभागृह हसलं. सगळ्यात मोठ्यानं हसली ती पुढच्या रांगेतली एक विद्यार्थिनी. तीच पुढे त्यांची सून झाली आणि त्यांच्याच विभागाची प्रमुखही. ग्रंथावर कुणी टीका केली की ती बाह्या सरसावून उत्तर लिहायला बसायची. पोटच्या पोरापेक्षा प्राध्यापकांचा तिच्यावर जीव होता. लग्नानंतरही ती त्यांना घरात 'सर'च म्हणायची. महिन्याभरापूर्वी अचानक 'बाबा' म्हणू लागली. प्राध्यापकांना आधी गोड वाटलं. मग टेबलावर एक रंगीत माहितीपत्रक आलं.

"वृद्धाश्रम नाही म्हणायचं त्याला," मुलानं समजावलं. "ज्येष्ठ निवास. बाग आहे, वाचनालय आहे. तुमच्या वयाची माणसं भेटतील."

"माझ्या वयाची माणसं मला तरुणपणीसुद्धा आवडायची नाहीत," प्राध्यापक म्हणाले.

मुलगा-सून दोघंही हसली. तेवढाच काय तो विरोध नोंदवला गेला, तोही विनोदाच्या सदरात.

आणि आता गाडी दाराशी उभी होती. मुलगा सामान खाली नेत होता. प्राध्यापक स्वयंपाकघरात खोक्यापाशी उभे राहिले आणि जन्माच्या सवयीनं थर वाचू लागले.

पत्नी गेल्यावर मुलगा-सून सोबतीला म्हणून राहायला आली. तेव्हा पत्नीच्या निळ्या फुलांच्या कपबशा ओट्यावरच्या फळीवर होत्या. पुढे तिथं सुनेचे पांढरे मग आले आणि निळी फुलं मागच्या फळीवर गेली. तिथून माळ्यावर. माळ्यावरून आज खोक्यात. प्राध्यापकांचा पलंगही असाच सरकला होता. पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत, मागच्या खोलीतून बंद गॅलरीत. दर वेळी "थोडेच दिवस हं." दर वेळी पायांखाली मऊ फडकं, फरशीला चरा पडू नये म्हणून. घर त्यांनीच बांधलेलं, फरशीही त्यांनीच निवडलेली. तिला एकही चरा पडला नव्हता. कुणी आवाज चढवला नव्हता. त्यांनीही नाही.

इतकी वर्षं ते मधल्या थरात राहत होते आणि त्यांना पत्ता नव्हता.

उद्या शेजाऱ्यांनी विचारलं तर काय सांगितलं जाईल, हे मात्र त्यांना पाठ होतं. स्वेच्छेने अन्यत्र. वाक्य त्यांचंच होतं.

त्यांनी खोक्यात हात घातला. एक कप काढला, त्याचा कागद सावकाश सोडवला, घडी करून खिशात ठेवला. कप घेऊन ते उंबऱ्यापाशी गेले. हात डोक्याच्या वर नेला आणि कप खाली आपटला.

निळी फुलं घरभर झाली. मुलगा जिन्यावरून धावत वर आला. "काय झालं?"

"काही नाही रे," सून म्हणाली. "निसटला हातातून. हल्ली हात थरथरतात ना त्यांचे."

"निसटला नाही," प्राध्यापक म्हणाले. "मी फोडला. मला जायचं नाहीये."

मुलगा फरशीकडे बघत राहिला. सून झाडू घेऊन आली आणि खाली बसली. तिनं तुकडे सुपलीत भरले. दारामागं उडालेला बारीकसा टवकासुद्धा बोटाच्या टोकानं टिपून घेतला. हात तयार होता. प्राध्यापकांनीच तयार केलेला. मग तिनं वर पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी त्यांना जुन्या नावानं हाक मारली.

"सर, एका खापरावरून निष्कर्ष काढायचा नसतो. तुम्हीच शिकवलंत."