माल्ट ओळखणारा जावई

“ब्लाइंड म्हणजे डोळे बांधूनच की!” असं म्हणत अण्णारावांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि हरिओमच्या डोळ्यांवर करकचून आवळलं.

“काका, तसं नसतं. नुसती बाटली झाकतात. रंग बघावा लागतो…”

“रंग बघून कुणीबी सांगल. ईश्वरप्पा, ओता तुम्ही.”

ईश्वरप्पा म्हणजे अण्णारावांचे मेहुणे, खास आजच्यासाठी निलंग्याहून लातूरला आलेले. दुपारच्या शांततेत पेला भरल्याचा आवाज आला आणि हरिओमनं मनातल्या मनात कपाळावर हात मारला. उन्हाळ्यापासून जी घोकंपट्टी केली ती रंगापासून सुरू व्हायची. इथं रंगच गेला. त्यात अण्णारावांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, आग्रह करकरून वाढलेलं काळ्या मसाल्याचं मटण. जिभेला आग लागलेली आणि परीक्षा जिभेचीच!

मुखेडला घरची शेती, बाजारपेठेत खत-बियाण्यांचं दुकान, तरी हरिओमचं लग्न जमत नव्हतं. घरोघरचे पोहे खाऊन जीव विटला, होकार मात्र कुठूनच येईना. सृष्टीचं स्थळ आलं तेव्हा तिच्या वडिलांनी, अण्णारावांनी, मुलगा पसंत केला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दुसऱ्याच दिवशी सृष्टीनं स्वतः फोन केला.

“पप्पांना तुम्ही लई आवडलाव,” ती म्हणाली होती. “पण एक सांगू का? त्यांना एकच नाद हाय. स्कॉच, तीबी सिंगल माल्ट. डोळे झाकून माल्ट ओळखणारा जावई पायजे म्हणत्यात. तुम्ही आपणहून विषय काढू नका, त्यांना आवडत न्हाई. वेळ आली की तेच परीक्षा घेतील.”

हरिओमच्या बायोडाटात ‘सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही’ असं लिहिलेलं होतं, आणि ते अगदी खरं होतं. पण गरजवंताला अक्कल नसते. तो तोंडाला रुमाल बांधून नांदेडच्या दुकानात गेला. बाटल्या आणल्या, दुकानाच्या गोदामात पोत्यांमागं लपवल्या. एक घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा. सुरुवातीला सगळ्याच रॉकेलसारख्या लागल्या. मग त्यानं आपल्या खुणा ठरवल्या. स्कॉटलंडच्या आयला बेटावरची म्हणजे चुलीत जळणाऱ्या तुराट्या आणि दवाखान्याची फरशी. शेरी वाइनच्या पिपात मुरलेली म्हणजे मनुका. तिथल्याच स्पेसाइड भागातली म्हणजे मध आणि सफरचंद.

एक दिवस आईला, उमादेवींना, त्या बाटल्या सापडल्या. हरिओमनं देवीची शपथ घेतली, पण थुंकायला दारू विकत आणणारा माणूस कुठल्या आईला पटेल? तेव्हापासून त्या ताट वाढायच्या आणि तोंड फिरवायच्या. हरिओमला ते फार लागलं. सृष्टी होती म्हणून त्यानं सोसलं. एरवी त्याच्या ‘जेवलीस का’ला तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी यायचं. पण ‘आज मनुका बरोबर ओळखल्या’ असं कळवलं, की ती त्याच क्षणी लिहायची, ‘शाब्बास! सोडू नका.’ एवढा जीव लावणारी मुलगी कुणाला मिळते?

“घ्या, पाव्हणं,” ईश्वरप्पांनी पेला हातात दिला.

“काका, तुम्ही नाही घेत?”

“आधी पाव्हणं.”

थुंकायला भांडं मागायची लाज वाटली. हरिओमनं आयुष्यात पहिल्यांदाच घोट गिळला. घशातून निखारा उतरला आणि डोळ्यांतलं पाणी उपरण्यात जिरलं. चव म्हणाल तर शून्य. दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. मटण आणि फक्त मटण! त्याला त्या मटणाचा, त्या उपरण्याचा आणि स्वतःच्या जिभेचा भयंकर राग आला. आईचा अबोला ओढवून घेतला तो काय ह्यासाठी?

“कामून गप झालाव? येत नसल तर ऱ्हाऊ द्या,” अण्णाराव म्हणाले.

“येतं!” तो जवळजवळ ओरडलाच. त्यानं पाणी मागितलं, खळखळून तोंडात घोळवून गिळलं आणि घोट न घेता पेल्यात नाक खुपसलं. सावकाश, फार लांबून आल्यासारखा मध आला. मागून सफरचंद.

“स्पेसाइड.”

दुसरा पेला आला.

“शेरीचं पीप. मनुका हायेत.”

तिसरा नाकाशी नेला मात्र, तुराट्यांचा धूर भसकन डोक्यात गेला. हरिओमला हसू फुटलं. “आयला बेट!” त्यानं एक घोटही घेतला. “आणि काका, चांगली जुनी हाय.”

उपरणं सुटलं. ईश्वरप्पा डोळ्यांजवळ धरून बाटल्यांवरची अक्षरं लावत होते. “तिन्ही बरोबर की हो, दाजी,” ते म्हणाले.

अण्णारावांनी उपरण्याची घडी घातली. “माझा थोरला भाऊ दारूनं गेला,” ते हळू आवाजात म्हणाले. “तवापासून ह्या घरात थेंब आला न्हाई. आज आणली ती तुमच्यासाठी. गाडी सांभाळून चालवा, पाव्हणं. न्हाईतर बसनं जावा.”

हरिओम ताडकन उठला. “काका, मी पीत नाही हो! मी नुसता शिकलो!”

“शिकलाव ते दिसलं.”

“देवीची शपथ काका, थेंब गिळला नव्हता आजपर्यंत. माझं खोटं वाटत असेल तर सृष्टीला विचारा. तिला सगळं माहीत हाय!”

अण्णारावांनी त्याच्याकडं बघितलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, नुसती कीव होती.

“तिनंच तर सांगितलं. म्हणली, पप्पा, पोरगा लई पितो, माझ्यावर विश्वास नसल तर डोळे बांधून तीन पेले समोर ठेवा.”