चादरीचा कोपरा

“दरवर्षी एक आठवडा हा फ्लॅट तुमचा, काकू! जरा पलंगावर पडून तर बघा,” सेल्समन म्हणाला. बाल्कनीतून तळं दिसताच मी पाघळलो होतो. सही करायला हात शिवशिवत होते. बायको पलंगापाशी गेली, पण पडली नाही. चादरीचा कोपरा लोंबत होता. तिने गादी उचलून तो आत खोचला, उशाही थोपटल्या. “अहो काकू, राहू द्या! त्या कामाला बाई येते.” “मी कामाला जाते त्या हॉटेलात ती बाई मीच,” ती हसली. मी पेन खिशात ठेवलं. घरी परतलो. पलंग नेहमीसारखाच विस्कटलेला होता. लग्नापासून तिने तो कधी आवरला नाही आणि मी कटकट करायची सोडली नाही. त्या पसाऱ्यात तिने अंग टाकलं आणि “हुश्श!” म्हणत डोळे मिटले. लोंबणारा कोपरा खोचायला मी वाकलो. मग तो तसाच सोडून तिच्याशेजारी लवंडलो.